विश्लेषण : गर्भजल आठवड्यागणिक का बदलते? कायद्याच्या मुदतीशी त्याचा संबंध काय?

गर्भात व्यंग असल्याची शंका आली, की डॉक्टर अनेकदा गर्भजल तपासणी सुचवतात. ही तपासणी साधारण १५व्या आठवड्यापासून होते, तर गर्भपाताचे नियम २०व्या आणि २४व्या आठवड्यानंतर बदलतात. त्यामुळे इथे प्रत्येक आठवडा मोलाचा ठरतो.

गर्भजलात काय बदलते?

सुरुवातीला हे पाणी बरेचसे रक्तद्रवासारखे असते. बाळाच्या पातळ त्वचेतून पाणी आणि क्षार ये-जा करतात. पुढे त्वचा जाड होते आणि बाळाची लघवी हा गर्भजलाचा मुख्य स्रोत बनतो. मग सोडियम घटते, युरिया आणि क्रिएटिनिन वाढते.

त्यावरून काय कळते?

अल्फा फीटोप्रोटीन हे प्रथिन १३व्या-१४व्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते, नंतर उतरते. म्हणून १४व्या आठवड्यात सामान्य असलेला आकडा २०व्या आठवड्यात मणक्यातील व्यंगाची शंका निर्माण करू शकतो. ३५व्या आठवड्याच्या सुमारास लेसिथिनचे प्रमाण स्फिंगोमायलिनच्या दुप्पट झाले, तर फुप्फुसे तयार झाल्याचे मानले जाते. थोडक्यात, गर्भाचे वय चुकले तर अहवालाचा अर्थही चुकतो.

मुदतीचा पेच कुठे?

व्यंग शोधणारी सोनोग्राफी बहुधा १८ ते २० आठवड्यांत होते. त्यानंतर गर्भजल घेतले आणि पेशी वाढवून गुणसूत्रे तपासली, तर अहवालाला आणखी दोनेक आठवडे लागू शकतात. १९७१च्या कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा तोवर उलटून जाई. २०२१च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी ती २४ आठवडे केली. गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे असते.

तपासणीवर निर्बंध का?

याच पाण्यातून गर्भाचे लिंगही कळते. गैरवापर वाढल्याने महाराष्ट्राने १९८८मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४मध्ये आला. आज ही तपासणी कायद्याने सांगितलेल्या वैद्यकीय कारणांसाठीच करता येते आणि लिंग सांगणे गुन्हा आहे.

मग अडते कुठे?

कायद्याने मुदत वाढवली, तरी उशिरा नोंदणी झालेल्या किंवा तपासणीसाठी दूरच्या शहरात जावे लागणाऱ्या स्त्रीचे आठवडे वाटेतच खर्च होतात. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने गर्भाचे वय नेमके ठरते. पुढचे सगळे आकडे त्याच्याच आधारे वाचले जातात.