‘नी हाव’च्या पुढचं

2025च्या पावसाळ्यात हिंदीसक्तीवरून महाराष्ट्र तापला होता, तेव्हाची गोष्ट. शांघायमधल्या आम्हा मराठी लोकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, “वीस वर्षं मुंबईत राहून ज्याला मराठी येत नाही, त्याला लाज वाटली पाहिजे.” धडाधड अंगठे पडले. माझाही पडला. (चीनमध्ये व्हॉट्सॅप चालत नाही. म्हणजे मुंबईतल्या मराठीसाठी भांडायला आम्ही सगळे आधी व्हीपीएन लावून बसलो होतो.)

लिहिणारा गृहस्थ शांघायमध्ये अकरा वर्षं आहे. त्याला चिनी भाषेतली तीन वाक्यं येतात. नी हाव, श्ये श्ये, बू याव रोउ. नमस्कार, आभार, मांस नको. टॅक्सीवाल्याला ‘डावीकडे घ्या’ सांगायलाही तो मोबाइल पुढे करतो.

त्याचं वाक्य चूक आहे असं मी म्हणत नाही. ते बरोबरच आहे, आणि म्हणूनच मला ते टोचतं. ज्या गावात आपण भाडं भरतो, भाजी घेतो, पोरं वाढवतो, त्या गावाची भाषा शिकायची असते. हा नियम दादरला लागू आणि शांघायला नाही, असं कुठे लिहिलंय?

यावर काय काय ऐकायला मिळतं! “आपण इथं कायमचे थोडेच आलोय?” अहो, मुंबईत टॅक्सी चालवणारा बिहारी भाऊही हेच म्हणतो, आणि तेव्हा आपण त्याला फाडून खातो. “त्यांचे ते सूर जमत नाहीत.” खरंय, ‘माय’चा सूर चुकला की ‘विकत घ्यायचंय’चं ‘विकायचंय’ होतं. मीही चुकलोय, भाजीवाली हसली, प्रश्न मिटला. आणि चमच्यातला ‘च’ वेगळा, चिमणीतला ‘च’ वेगळा, हे परक्या माणसाला आपण कधी समजावून सांगतो का? नाही. आपण फक्त हसतो. बरं, तो टॅक्सीवाला बारा-तेरा तास गाडी चालवून खोलीवर जातो. आम्हाला शनिवार-रविवार सुट्टी असते, खिशात पैसे असतात.

ॲप आहे की, हे तर सगळ्यांचं लाडकं उत्तर. ॲपने पैसे देता येतात, मेट्रोत शिरता येतं, जेवण दारात येतं. पण ॲप जिथे संपतं तिथे कुणीतरी माणूस आमची भाषा वाहत असतो. घर बदललं की परदेशी माणसाला 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. माझी नोंद ऑफिसातली एक मुलगी करायची. गॅसवाल्याचा फोन तिला, घरमालकाचा फोन तिला, माझ्या दातदुखीचं वर्णनही तिनेच केलं. हे तिच्या कामात नव्हतं. चार वर्षं मी याला ‘माझं शांघायमध्ये मस्त चाललंय’ असं म्हणत होतो.

मग 2022चा एप्रिल आला. अख्खं शहर कुलपात. दुकानं बंद, त्यामुळे इमारतीतले लोक वीचॅटवर ग्रुप करून घाऊक भाजी मागवायचे. कुणीतरी एक जण पुढारी व्हायचा, नावं लिहून घ्यायचा, ट्रक गेटवर यायचा. ग्रुपवर तासाला शंभरेक मेसेज, सगळे चिनीत. मी एकेक मेसेज दाबून धरून भाषांतर करायचो, आणि ‘नावं द्या’ हे मला कळेपर्यंत यादी बंद झालेली असायची. दोनदा असं झालं. तिसऱ्या दिवशी घरात तांदूळ, हळद आणि लोणचं एवढंच उरलं.

त्या संध्याकाळी दाराच्या कडीला एक पिशवी लटकवलेली सापडली. अर्धा कोबी, सहा अंडी आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी. शेजारच्या आजींची. इथं त्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी. त्यांचं हस्ताक्षर काही ॲपला वाचता येईना. मी दारातूनच दोन वेळा श्ये श्ये म्हटलं. त्याच्यापुढे माझ्याकडे शब्दच नव्हते. चार वर्षं शेजार!

कुलूप उघडलं 1 जूनला. त्याच महिन्यात मी क्लास लावला. वर्षभराने एचएसकेची तिसरी पातळी पास झालो, म्हणजे 600 शब्द. फार नाहीत. पण एक दिवस ती चिठ्ठी काढली आणि अडखळत का होईना, वाचली. “अंडी आधी खा. कोबी टिकतो. काही लागलं तर भिंतीवर ठोक.”

मी आयींकडे गेलो आणि पाठ केलेलं लांबलचक वाक्य म्हणून दाखवलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, छान, पण ही पुतोंगह्वा झाली, शाळेतली भाषा. आमची वेगळी. ‘नी हाव’ नव्हे, ‘नोंग हाव’. मग सहज बोलावं तसं म्हणाल्या, नातवाशी मीही पुतोंगह्वाच बोलते, त्याला माझी बोली कळत नाही.

पुतोंगह्वाच्या प्रसाराचा राष्ट्रीय कायदा इथं 2001च्या जानेवारीपासून लागू आहे. शाळा त्याच भाषेत, नोकरी त्याच भाषेत. दोन कोटींहून जास्त माणसांच्या या शहरात शांघायची बोली हळूहळू म्हाताऱ्यांच्या तोंडी उरत चाललीय. हे दुःख जगात कुणाला चटकन कळायला हवं? आपल्याला! आणि आमच्यातल्या किती जणांना शांघायची अशी वेगळी बोली आहे हेच माहीत नाही, हे मी विचारून पाहिलंय. उत्तर लिहीत नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमात भाषण झालं की आमच्याकडे डॉ. कोटणिसांचं नाव हमखास निघतं. सोलापूरचे, 1938मध्ये युद्धात डॉक्टर म्हणून चीनला आले, 1942मध्ये इथंच गेले. टाळ्या. पण ते चिनी बोलायला, लिहायला शिकले होते, रुग्णांशी चिनीतच बोलत, हा भाग भाषणात कधी येत नाही. आला तर समोरच्यांना खुर्चीत चुळबुळ करावी लागेल.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, थोडं कमी तिखट करून. दोघे ग्रुप सोडून गेले. एकाने ‘चीनचा एवढाच पुळका असेल तर तिकडचा पासपोर्ट घे’ म्हणून सांगितलं. आणि अकरा वर्षंवाल्या गृहस्थांनी रात्री साडेअकराला वेगळा मेसेज करून विचारलं, क्लासची फी किती, आणि पन्नाशीच्या माणसाला घेतात का.