कर्जमाफीचे 'प्रमाणपत्र' आणि आगाऊ शुल्काचा सापळा

चेन्नई : डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग चक्रीवादळाने चेन्नई जलमय केली. शहर सावरत असतानाच ११ डिसेंबर रोजी भारतीय रिझर्व्ह बँकेने कर्जदारांसाठी एक इशारा प्रसिद्ध केला. वादळाशी त्याचा संबंध नव्हता. मात्र हप्ते थकलेल्या कुटुंबांना तो नेमका लागू पडणारा होता. काही मंडळी जाहिराती देऊन कर्जदारांना आकर्षित करीत आहेत, कोणताही अधिकार नसताना 'कर्जमाफी प्रमाणपत्र' देण्यासाठी सेवाशुल्क अथवा कायदेशीर शुल्क उकळीत आहेत, असे त्यात नमूद होते. बँकेची देणी फेडण्याची गरज नाही, असाही प्रचार केला जात होता.

या व्यवहाराला बाजारपेठ मिळण्याचे कारण उघड आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांचा भार वाढला. चेन्नईला बनावट वित्तसंस्थांचा अनुभवही नवा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबत्तूर येथून चालणारी एक बनावट बँक पोलिसांनी उघडकीस आणली होती.

अशा फसवणुकीत शुल्काची रक्कम जाते, हे नुकसान तुलनेने लहान. खरी हानी वेळेची असते. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार खाते थकीत ठरल्यावर धनको ६० दिवसांची मागणी नोटीस बजावतो. या मुदतीत कर्जदाराला लेखी हरकत घेता येते. त्यानंतर ताबा घेण्याची कारवाई झाल्यास कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागण्यासाठी ४५ दिवस मिळतात. 'बँकेशी बोलू नका, हप्ता भरू नका' असे सांगणारा मध्यस्थ नेमके हेच दिवस खर्ची घालतो. प्रमाणपत्राची वाट पाहणाऱ्याच्या दारावर मग ताब्याची नोटीस लागते.

सवलत देण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्या संस्थेचाच आहे. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकान्वये व्याजदर बदलताना हप्ता वाढविणे, मुदत लांबविणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे, असे पर्याय कर्जदाराला देणे बँकांना बंधनकारक करण्यात आले. त्यासाठी दलाल लागत नाही. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. गृहवित्त कंपन्यांविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे करावी लागते.

अर्थात प्रत्येक आगाऊ शुल्क म्हणजे फसवणूक नव्हे. वकील फी घेतात, न्यायाधिकरणाचेही शुल्क असते. परंतु त्याची पावती मिळते आणि निकालाची हमी कोणी देत नाही. अमेरिकेत २००८ च्या गृहकर्ज संकटानंतर असे मध्यस्थ बोकाळले, तेव्हा तेथील संघीय व्यापार आयोगाने २०१० मध्ये नियम केला : धनकोचा लेखी प्रस्ताव ग्राहकाने स्वीकारेपर्यंत मध्यस्थाला पैसे घेता येणार नाहीत. भारतात असा स्वतंत्र नियम नाही. ऑनलाइन पैसे भरून फसलेल्यांसाठी १९३० ही मदतवाहिनी आहे. तेथे जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक.