नक्कल निळूभाऊंची, सुटका हिंदुरावाची

गेल्या जानेवारीत आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले. जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात होते तसेच ते झाले. पुढच्या खुर्च्यांवर सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि दोन-चार पांढऱ्या टोप्या. मागे सतरंजीवर पोरे, आणि भिंतीला टेकून पदर तोंडाशी धरलेल्या आया. लावणी झाली, शिवरायांचा पोवाडा झाला, आणि मग आमच्या निवेदकाने आवाज चढवून जाहीर केले, "आता येत आहेत, निळू फुले!"

आठवीतला एक पोरगा आला. आजोबांचे धोतर, काजळाची मिशी, खांद्यावर उपरणे. समोरून घागर घेतलेली एक मुलगी आली. पोराने मान तिरकी केली, डोळे बारीक केले, घसा घासून आवाज काढला आणि म्हटले, "बाई, वाड्यावर या!" पत्र्याचे छप्पर उडून जाईल असा हशा पिकला. पुढच्या खुर्चीतले एक गृहस्थ तर हसता हसता डोळे पुसू लागले. मीही हसलो, खोटे कशाला बोलू? हसताना माझी नजर त्या मुलीकडे गेली. तिला पुढे काय करायचे ते कोणी सांगितलेच नव्हते. ती घागर पोटाशी धरून, मान खाली घालून तशीच उभी होती. तो अभिनय नव्हता, आणि माझे हसू तेथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारले, "हे वाक्य कोणत्या चित्रपटातले?" एकाचाही हात वर झाला नाही. "बरे, निळू फुले कोण होते?" एक हुशार पोरगा उठला. "सर, तो बाईला वाड्यावर बोलावणारा!"

वाचकहो, ज्या नटाने पंचवीस-तीस वर्षे वाड्याच्या विरुद्ध साक्ष दिली, त्याला आपण वाड्याचा विदूषक करून टाकले आहे. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांपासून गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत जो उठतो तो घसा घासतो आणि निळू फुले होतो. याला लोक प्रेम म्हणतात. मी याला कृतघ्नपणा म्हणतो, आणि दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी बसून म्हणतो, कारण फराळाचे ताट समोर असतानाच आपण सगळे घरात सापडतो.

हा माणूस कोण होता, ते आधी पाहू. नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० सालचा, पुण्याचा. तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्यांनी माळीकाम केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते गावोगाव हिंडले. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना नाव मिळवून दिले आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा होऊन ते पडद्यावर आले. पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे असे आपण समजतो. ठाऊक असते ते एवढेच की पाटील, सावकार, सरपंच, कारखान्याचा अध्यक्ष, आमदार यांतले जे जे खुर्चीला चिकटते आणि दुसऱ्याच्या मानेवर बसते, ते ते निळूभाऊंनी अंगात घेतले. का घेतले, हे विचारायला आपल्याला सवड झाली नाही.

माझी आजी जत्रेतल्या तंबूत बसून बोलपट पाही. निळूभाऊ पडद्यावर आले की तिची बोटे कडाकडा मोडत. "मेल्या, तुझा मुडदा बसविला!" असे ती तंबूतल्या साऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणे, आणि शेजारच्या बायका तिला साथ देत. असे प्रसंग महाराष्ट्रात ठिकठिकाणी सांगितले जातात. शहाणी माणसे ते सांगतात आणि खेडवळ बायांच्या भाबडेपणाला हसतात. मला मात्र आजी भाबडी वाटत नाही. ती नटाला ओळखत नव्हती हे खरे. पण नट ज्याचे सोंग आणीत होता, त्याला ती पुरती ओळखत होती. निजामाच्या राज्यात तिचे बालपण गेले होते. १९४८ साली ते राज्य गेले, पण तिच्या दारावरून जाणारी देशमुखी काही त्याच दिवशी गेली नव्हती. तोंडावर ज्याला शिवी देता आली नाही, त्याला ती तंबूत शिवी देत होती. एक आण्याच्या की आठ आण्याच्या तिकिटात, कोण जाणे, पण तेवढा न्याय तिला मिळत होता.

आता त्यांची करणी पाहा. आपले बहुतेक खलपुरुष ओरडतात. डोळे वटारतात, चाबूक उडवतात, गडगडाटी हसतात. असला खलपुरुष पाहून प्रेक्षक निर्धास्त होतो, कारण असा माणूस त्याच्या गावात नसतो. निळूभाऊ ओरडत नाहीत. ते खाली सुरात बोलतात. धोतराचा सोगा सावरतात, पान जमवतात, समोरच्याची विचारपूस करतात, "बसा की!" म्हणतात. शब्द पाहुणचाराचे आणि नजर खाटकाची! सत्ता कशी बोलते हे ज्याने चावडीवर उभे राहून ऐकले आहे त्यालाच हे जमेल. ज्याचा शब्द झेलायला चार माणसे दारात उभी असतात, त्याला आवाज चढवावा लागत नाही. बागेतला माळी बंगल्याकडे खालून वर पाहतो. त्याला बंगला जसा दिसतो तसा बंगल्यातल्याला कधीच दिसत नाही. निळूभाऊंची सगळी कला त्या खालून वर पाहण्यात आहे, असे मला वाटते.

'सामना' पाहा. रामदास फुटाणे यांची निर्मिती, विजय तेंडुलकरांची लेखणी आणि डॉ. जब्बार पटेलांचे पहिले दिग्दर्शन. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात हिंदुराव धोंडे पाटील हा साखरेच्या राज्याचा धनी आहे. रस्त्यावर पडलेल्या एका दारुड्या मास्तराला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, त्याचे लाड करतो. डॉ. श्रीराम लागूंचा तो मास्तर मग एकच प्रश्न धरून बसतो: मारुती कांबळे कुठे गेला? त्या एका प्रश्नाने हिंदुरावाच्या साम्राज्याला खालून वाळवी लागते. निळूभाऊंनी हा हिंदुराव राक्षस केला नाही. तो मास्तरावर खरोखर माया करतो. तो कर्तबगार आहे, त्याने माळावर ऊस उभा केला आहे, लोकांना काम दिले आहे. आपल्याला तो आवडू लागतो, आणि आवडू लागल्यावर ध्यानात येते की मारुती कांबळेचा विसर आपल्यालाही पडला होता. प्रेक्षकाला असे आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभे करणारा नट मराठीत दुसरा मला आठवत नाही.

'सखाराम बाइंडर'चेही तसेच. १९७२ साली कमलाकर सारंगांनी ते नाटक रंगभूमीवर आणले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात आणून आपल्या अटींवर ठेवणारा तो सखाराम निळूभाऊंनी उभा केला. महाराष्ट्र खवळला. परीनिरीक्षण मंडळ आडवे आले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्या वेळच्या संतापी मंडळींशी माझे जमले नसते. पण आज मला त्यांच्याविषयीही आदर वाटतो. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली म्हणून का होईना, त्यांना काही टोचले होते. आपल्याला काहीच टोचत नाही. आपण टाळ्या वाजवतो.

आणि ज्यांना निळू फुले म्हणजे फक्त धोतर आणि घासलेला घसा वाटतो, त्यांनी १९७९ सालचा 'सिंहासन' पाहावा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. त्यात निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. धोतर नाही, मिशीला ताव नाही, हुकूम नाही. सत्तेच्या दिवाणखान्यांतून हा माणूस हिंडतो, ऐकतो, पाहतो, सगळे जाणतो आणि काही करू शकत नाही. शेवटी त्याच्या मनावरचा ताबा सुटतो. त्या चेहऱ्याची नक्कल कोणी करून दाखवावी! ती होत नाही, कारण जाणूनही गप्प बसलेल्या माणसाची नक्कल करायला आरशाखेरीज काही लागत नाही.

यावर मला कोणी म्हणेल, "मास्तर, सणासुदीला कशाला एवढे तोंड कडू करता? निळूभाऊ स्वतःच तमाशाच्या वगातून आलेले. लोकांना हसवणे हाच त्यांचा धर्म. पोरांनी चार घटका नक्कल केली तर बिघडले काय?" बरोबर आहे. वग हसवतोच. पण वगातला सोंगाड्या राजाला हसतो, प्रधानाला हसतो, पाटलाची टोपी उडवतो. मुकाट उभ्या असलेल्या बाईला हसत नाही. आमच्या संमेलनात लोक नेमके कोणाला हसले? पाटलाला? मुळीच नाही. पाटलाच्या रुबाबावर ते खूश झाले आणि बाईच्या फजितीला हसले. निळूभाऊंनी ज्याला उघडे पाडले, त्याच्यावर आपण पुन्हा उपरणे पांघरले. नक्कल झाली निळूभाऊंची. सुटका झाली हिंदुरावाची!

दुसरा कोणी म्हणेल, "आता वाडे राहिले कुठे? पडले सगळे." दगडामातीचे पडले, कबूल. पण आमच्याकडे येऊन पाहा. पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या बाजूने आला आणि गोदाकाठी ऊस डोलू लागला. त्याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसे मोजायची तीसुद्धा हत्याराच्या नावाने! मुकादम आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. उचल फिटेपर्यंत कोयता त्याचा. दिवाळीची सुट्टी संपवून मी वर्गात जातो तेव्हा हजेरीतली कितीतरी नावे नुसती वाचायची असतात, उत्तर येत नाही. आणि उचल मागायला बाईला कोणाच्या तरी ओसरीवर जावेच लागते. तेथे कोणी ओरडत नाही. "बसा की!" म्हणतात.

त्या घागरवाल्या मुलीचे आईबाप त्या दिवशी फडावर होते. ती आजीजवळ राहिली होती म्हणून संमेलनात होती. हे मला मागाहून कळले, आणि ती मान खाली का घालून उभी होती ते तेव्हा समजले, की समजले असे वाटले. तिला विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मास्तरालाही कधी कधी प्रश्न विचारता येत नाही.

पडद्याबाहेरचे निळूभाऊ कसे होते हे आज मुलांना कोणी सांगत नाही. सेवा दलाचे ऋण त्यांनी जन्मभर मानले. डॉ. लागूंच्या खांद्याला खांदा लावून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे समाजकार्यात आयुष्य घालवणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून, ते झटले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उतरले. १३ जुलै २००९ रोजी ते गेले. त्याच वर्षी आलेला 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांतला एक. त्याचा विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्या. म्हणजे जाता जाताही हा माणूस आमच्याच बांधावर उभा होता.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. निळू फुल्यांचे नाव घ्यायचे असेल तर या सुट्टीत घरच्या सगळ्यांनी मिळून 'सामना' पाहा. पोरे कंटाळतील, तरी बसवा. मधेच ती विचारतील, मारुती कांबळे कोण? सांगा. आपल्या गावातला कोण, तेही आठवले तर सांगा.

यंदाच्या संमेलनाची तयारी सुरू झाली आहे. तोच पोरगा, आता नववीतला, काजळाची डबी घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटले, "या वेळी घागरवालीला काहीतरी बोलू दे. तू वाड्यावर बोलाव, आणि मग ती काय म्हणते ते ऐकून घे."

तो विचारात पडला. म्हणाला, "पण सर, मग लोक हसणार नाहीत."

"नाही हसणार," मी म्हटले. "बसव नाटक."