सण शनिवारी येत नसतो

“तिथीचे काय घेऊन बसलात, गुरुजी? भाव महत्त्वाचा!” हे वाक्य हल्ली आमच्या रत्नागिरीत वारंवार कानांवर पडू लागले आहे. त्याचा उगम सातासमुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेतील आमची मराठी मंडळी, चतुर्थी मंगळवारी असली तरी, पुष्कळ ठिकाणी एखाद्या शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन शनिवारी उत्सव करतात. परमुलखात पोटासाठी गेलेल्या माणसाने जमेल तसे देवाचे करावे; घरी बसून मोदक खाणाऱ्याने त्याला नावे ठेवू नयेत. परंतु नाइलाजाचे तत्त्वज्ञान बनवून कोणी ते आम्हांलाच पढवू लागला, तर मात्र गप्प बसवत नाही.

माझे दोन जुने विद्यार्थी परदेशी आहेत. एक फ्रान्समध्ये ल्यों शहरी, दुसरा न्यू जर्सीत. पहिल्याची सदा तक्रार: रविवारी बहुतेक दुकाने बंद, दुपारी जेवायला तासभर, आणि ऑगस्टात कचेरीतील निम्मी माणसे गायब! दुसऱ्याची सदा बढाई: इकडे सारे अष्टौप्रहर उघडे, जेवण कामाच्या मेजावरच, आणि रजा शिल्लक पडली तरी कुणी कुरकुरत नाही. तक्रार वाचून मला पहिल्याचा हेवा वाटतो, आणि बढाई वाचून दुसऱ्याची काळजी.

हा फरक काही हवापाण्याचा नव्हे. फ्रान्समध्ये 1936 साली कामगारांनी देशभर संप केले आणि वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा कायद्याने मिळवली. ती वाढत वाढत 1982 साली पाच आठवडे झाली. अमेरिकेत खासगी नोकराला एक दिवसाची तरी भरपगारी रजा दिलीच पाहिजे, असे सांगणारा संघराज्याचा कायदा आजही नाही. तेथे बहुतेकांची रजा ही मालकाची मेहेरबानी. मग मेहेरबानीवर जगणाऱ्याने तिथीचा आग्रह धरायचा कुठल्या तोंडाने?

एकाच तारखेची गोष्ट पाहा. 11 नोव्हेंबर 1918 रोजी पहिले महायुद्ध थांबले. फ्रान्सने 1922 साली त्या दिवसाची सुटी ठरवली. ती अजून त्याच तारखेला आहे. सुटी गुरुवारी आली, तर पुष्कळ फ्रेंच लोक शुक्रवारचीही रजा टाकतात आणि त्याला ‘पूल’ म्हणतात. अमेरिकेने 1968 साली कायदा करून काही सुट्या सोमवारी ढकलल्या, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून सोय व्हावी. 1971 पासून 11 नोव्हेंबरची सुटीही अशीच ऑक्टोबरातल्या एका सोमवारी गेली. लोकांना ते रुचले नाही. अखेर 1978 पासून ती पुन्हा 11 नोव्हेंबरला आली. सोयीची एवढी पूजा करणाऱ्या देशालासुद्धा आपल्या माजी सैनिकांचा दिवस हलवणे पचले नाही. आणि आम्ही म्हणे देवाचा दिवस हलवावा!

फ्रान्स म्हणजे स्वर्ग असे माझे म्हणणे नाही. तेथेही चतुर्थीची सुटी नाही. पण आमच्या मुलाच्या पदरी हक्काचे पाच आठवडे असतात, त्यातला एक दिवस तो गणपतीसाठी राखतो. मॉरिशसने तर याहून पुढची मजल मारली. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून आमचीच माणसे मजूर म्हणून त्या बेटावर गेली, आणि आज मूठभर मराठी वस्तीच्या त्या देशात गणेशचतुर्थी ही राष्ट्रीय सुटी आहे. मजुरांच्या वंशजांनी तिथी राखली. साहेब झालेल्यांनी ती शनिवारला विकावी काय?

आमच्याकडेही हा हक्क आकाशातून पडलेला नाही. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी गिरणी बंद राहिली पाहिजे, असे नारायण मेघाजी लोखंडे मालकांना सांगत राहिले, आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगाराला साप्ताहिक सुटी मिळाली. भाव मनात ठेवून कामावर या, असे लोखंडे म्हणाले नाहीत.

आता आमच्या चाकरमान्याकडे वळू. घरात आरती चालू आहे आणि मुंबईहून आलेला कर्ता मुलगा मागल्या पडवीत मांडीवर लॅपटॉप घेऊन ‘येस सर’ करतो आहे, हे दृश्य आता नवे राहिले नाही. त्याला रजा मिळते ती एवढीच, की मुंबईचे काम त्याने कोकणात बसून करावे! फ्रान्समध्ये 2017 पासून, पन्नास वा अधिक नोकर असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर या यंत्रांपासून सुटका मिळण्याच्या हक्काविषयी नोकरांशी बोलणी करावीच लागतात. आपल्या लोकसभेतही सुप्रिया सुळे यांनी 2018 साली असे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही, आणि त्यासाठी एकाही वाडीत सभा भरल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

गौर येते अनुराधा नक्षत्रावर, जेवते ज्येष्ठेवर आणि जाते मुळावर. तिला शनिवार कळत नाही. जाखडीला गोल धरायला गडी लागतात, भजनाला मृदंगावर हात लागतो, शिमग्यात पालखीला खांदे लागतात. ती माणसे एका दिवशी एकत्र आली, तर सण होतो. जो तो आपल्या सवडीने येऊन गेला, तर पाहुणचार होतो आणि पालखी देवळातच राहते.

आमची मुंबईतली ग्राममंडळे दरवर्षी जादा गाड्या मागतात, टोलमाफी मागतात. जरूर मागावी. पण गाडीत बसणाऱ्याला रजा कोण देणार? चतुर्थीपासून गौरीविसर्जनापर्यंतची रजा, आणि त्या रजेत कचेरीचा फोन न उचलण्याची मुभा, ही मागणी मंडळांनी हक्क म्हणून मालकांपुढे आणि सरकारपुढे ठेवली पाहिजे. लोखंड्यांना रविवार मिळाला, तो मागितल्यावर मिळाला. तिथीने आपली जागा सोडायची काही गरज नाही. हलायचे असेल, तर मालकाने हलावे.