आमचं बीएचके

परवा एका इंटरव्ह्यूला निघताना (म्हणजे घ्यायला, द्यायला नाही!) कपाटातून जुना काळा कुर्ता काढला आणि खांद्यावर तीन केस सापडले. एक पांढरा, एक केशरी, एक चहाच्या रंगाचा. कुर्ता चार वर्षं जुना, धुण्यात किती वेळा गेला त्याचा हिशोब नाही. पण मांजराचा केस ही जगातली सगळ्यात चिवट गोष्ट आहे, बॉस. मी बेडवरच बसले. इंटरव्ह्यूला वीस मिनिटं उशीर.

तर, बीएचके. २०१९ ते २०२३ अशी चार वर्षं मी आणि माझी रूममेट माहीमला राहिलो. जागा वन-आरके. पण आत नांदत होतं बीएचके. बंड्या, हिरॉइन आणि कटिंग. तिघंही रस्त्यावरून आलेले, तिघांपैकी कुणालाही आम्ही ‘पाळायचं’ असं ठरवून आणलेलं नव्हतं.

पहिली आली हिरॉइन. पांढऱ्या अंगावर काळी-केशरी ठिगळं आणि डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. आम्ही दोघी हळहळलो, कोण मेल्याने हिला मारलं असेल! व्हेट हसले. म्हणाले, नसबंदी झालेल्या मांजराची ही खूण असते. बेशुद्ध असतानाच कानाचं टोक कापतात, म्हणजे तिलाच परत पकडून परत पोट उघडायला नको. आणि तीनरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच असते, हेही तेव्हाच कळलं. हिरॉइन हे नाव तिच्या वागण्यावरून. हाक मारली की बघणार, विचार करणार, आणि येणार नाही. घरमालक काकूंची अटही भारी होती, “मासे चालतील हो, मांजर नाही चालणार.” मग पुढची चार वर्षं काकू भाडं घ्यायला यायच्या तेव्हा हिरॉइन कपाटावर बॅगांच्या मागे. काकूंना माहीत होतं, असं माझं ठाम मत आहे. एकदा जाताना त्या मांदेली ठेवून गेल्या, पिशवीभर. दोन मुलींना पिशवीभर मांदेली?

बंड्या २०२०च्या लॉकडाउनमधला. बाजार बंद, मासे बंद, गल्लीतली मांजरं हडकायला लागलेली. हा केशरी बोका किचनच्या खिडकीत येऊन बसला आणि बसूनच राहिला. दिसायला गुंड, आतून एकदम ससा. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. (केशरी मांजरांत बोके जास्त असतात, पण केशरी रंगामागचं नेमकं जीन कुठलं, याचा उलगडा अगदी अलीकडे झाला. २०२५मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन टीम्सनी ते जीन शोधून काढलं. ते एक्स क्रोमोझोमवर असतं. बोक्याला एकच एक्स, त्यामुळे एकदाच लॉटरी लागली की काम झालं.) पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या लॅपटॉप बॅगेवर शिस्तीत मुतून ‘हे माझं’ असं जाहीर केलं. मग त्याचंही ऑपरेशन.

दोन मोठी मांजरं एका खोलीत सोडायची नसतात, हे आम्हाला सोडल्यावर कळलं. पंधरा मिनिटं नुसती केसांची धुळवड! मग शहाणपण सुचलं. बंड्या किचनमध्ये, हिरॉइन बाहेर, मधे बंद दार. एक जुना टॉवेल याच्या अंगाला पुसायचा आणि तिच्या अंथरुणात ठेवायचा, तिचा त्याच्याकडे. ओळख आधी वासाची, मग तोंडाची. नऊ दिवस आम्ही किचनमध्ये चोरासारख्या शिरून चहा करत होतो. दहाव्या दिवशी दार उघडलं. हिरॉइनने एक फिस्कारा दिला आणि बंड्याने तिथल्या तिथे शरणागती पत्करली. ती कायमची.

आणि कटिंग. जुलै २०२१, धो धो पाऊस, बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या टॅक्सीच्या बॉनेटमधून म्याऊ म्याऊ. टॅक्सीवाल्या चाचांनी अर्धा तास खटपट करून मूठभर पिल्लू बाहेर काढलं. रंग टपरीवरच्या चहासारखा, साइज अर्धी. दुसरं नाव शक्यच नव्हतं.

आम्हाला वाटलं, आता हिरॉइन आई होणार. हट्! तिने फिस्कारून पाठ फिरवली. आई झाला बंड्या. हा एवढा थोरला बोका पिल्लाला दोन पंजांत धरून कान चाटायचा, आणि पिल्लू त्याच्या पोटाला लुचायचं. मिळत काहीच नव्हतं, पण बंड्या डोळे मिटून पडून राहायचा. शेजारच्या फ्लॅटमध्ये कायम रिनोव्हेशन. तिथून रेती आणायची, प्लॅस्टिकच्या घमेल्यात भरायची, तीच आमची लिटर ट्रे. रात्री एका गादीवर पाच जीव. मी ऑफिसवाल्यांना ‘स्पेस’ या विषयावर दीड हजार शब्दांचं फीचर दिलं होतं त्या काळात, कुशीवर न वळता!

ऑक्टोबर २०२२. बंड्या खालच्या बोक्याशी भांडून आला, मानेवर जखम पिकली, अंग तापलं. रूममेट नाइट शिफ्टला, मला सकाळी डेडलाइन. मी काय केलं? आपल्याला ताप आला की आपण जे घेतो, तेच. पॅरासिटामॉलची पाव गोळी चुरली, माशात कालवली, बशी त्याच्यापुढे ठेवली. त्याने वास घेऊन तोंड फिरवलं. मी चिडून बशी तशीच ठेवून झोपले.

सकाळी व्हेटनी विचारलं, “काही औषध दिलंय का?” मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “खाल्लं त्याने?” नाही म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला. मांजराच्या लिव्हरला हे औषध पचवताच येत नाही. रक्त ऑक्सिजन वाहायचं सोडतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, आणि पाव गोळीनेही जीव जाऊ शकतो.

आणि मला बशी आठवली.

किचनच्या फरशीवर. घरात कटिंग. रबरबँडपासून उदबत्तीपर्यंत काहीही खाणारा कटिंग. बंड्याला टेबलावर सोडून मी धावत सुटले. जिना चढताना पाय होते की नाही आठवत नाही. दार उघडलं तर बशी जिथल्या तिथे, तुकडा न् तुकडा शाबूत, त्यावर लाल मुंग्यांची रांग. बशीला खेटून हिरॉइन बसलेली. दोन फुटांवर कटिंग, नाकावर ताजा ओरखडा.

रूममेट आजही म्हणते, तिला कळलं होतं. मला नाही तसं वाटत. आपल्याआधी कुणी खायचं नाही हा तिचा रोजचाच खाक्या, आणि तिला स्वतःला त्या कडू वासाने खावंसं वाटलं नसणार. पण त्या दिवशी मी बशी तीनदा घासली आणि मग टाकूनच दिली. बंड्या चार दिवसांत बरा झाला. मी रूममेटला खरं सांगितलं ते महिन्याभराने. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

२०२३मध्ये तिचं लग्न ठरलं, ठाण्याला. मग वाटणी. भांडी, फ्रीज, गादी, सगळं पाच मिनिटांत झालं. कटिंग मला हवा होता. पण बंड्याला सोडून तो एक रात्र राहिला नसता, आणि दोघांना ठेवायला माझी नवी जागा फारच छोटी. पोरं दोघंही ठाण्याला गेली, एकाच बास्केटमध्ये. हिरॉइन माझ्याकडे राहिली. तिला कुणाचंच काही पडलेलं नाही, तिला चालेल, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

गेल्या रविवारी मी ठाण्याला जाऊन आले. बंड्या ढोल झालाय, कटिंग त्याच्याहून मोठा, पण अजून त्याच्याच पोटावर डोकं ठेवून झोपतो. दिवसभर दोघं माझ्या मांडीवर. रात्री घरी आले, जीन्स खुर्चीवर टाकली. हिरॉइन उठली, जीन्सपाशी गेली आणि हुंगत बसली. मी दात घासले, मेल्स पाहिल्या, उद्याच्या कॉपीचा इंट्रो लिहिला. ती तिथेच. सकाळी बघते तर जीन्स खाली ओढलेली आणि बाई त्यावर झोपलेल्या.