प्लगइननं कनेक्शन मागावं, उघडू नये

वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर देणाऱ्या काही मंडळींचं म्हणणं असं, की सर्व्हरला जोडलेल्या प्रत्येक प्लगइननं डेटाबेसचं कनेक्शन आपलं आपण उघडावं. पासवर्ड आपल्या फाइलीत, ड्रायव्हर आपला. सर्व्हरवाल्यांची मनधरणी नको.

पण पोस्टग्रेस हा डेटाबेस दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस उभी करतो आणि कनेक्शनांची मर्यादा न बदलल्यास ती 100 असते. सहा प्लगइन्सनी वीस-वीस धरून ठेवायचं म्हटलं, तर मूळ सर्व्हरलाच दार बंद. मग म्हणतात, मर्यादा वाढवा! आपल्याकडे नळाला मोटार लावणाऱ्यालाही जायकवाडीचं पाणी कमीच पडतं. शेजारचा नळ कोरडा पडला, हे त्याच्या गावीही नसतं.

खरी गोम संख्येत नाहीच. चलन करताना सर्व्हरनं स्टॉकची ओळ लॉक केली आणि कमिट करण्याआधीच बारकोडच्या प्लगइनला हाक मारली. प्लगइननं स्वतःच्या कनेक्शनवरून तीच ओळ बदलायला घेतली, की ते लॉक सुटायची वाट बघणार आणि सर्व्हर त्याच्या उत्तराची. डेटाबेसला हा डेडलॉक दिसतच नाही, कारण अर्धी वाट पाहणं सर्व्हरच्या जावा कोडमध्ये चाललेलं असतं. स्टोअरकीपर मात्र स्क्रीनवरचं फिरतं चक्र बघत बसतो, आणि गेटवर ट्रक उभा.

‘मग सर्व्हरनं उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या पूलमधून घ्या’ हे उत्तर बरोबर, पण अर्धंच. हिकारीसीपी या जावाच्या पूल-लायब्ररीचा पूल मुळात 10 कनेक्शनांचा. दहा थ्रेडांनी एकेक कनेक्शन धरलं आणि प्रत्येकाच्या प्लगइननं दुसरं मागितलं, तर दहाही ताटकळतात. 30 सेकंदांनी टाइमआउट. म्हणून चालू ट्रान्झॅक्शनमध्ये सर्व्हरनं आपल्या हातातलंच कनेक्शन प्लगइनला द्यावं, आणि प्लगइननं ते कमिटही करू नये, बंदही करू नये. रात्रीच्या रिपोर्टसारखं सुटं काम असेल, तर पूलच्या डेटासोर्सकडून कनेक्शन घ्यावं आणि काम होताच परत करावं.

यानं प्लगइन परावलंबी होतं, हा आक्षेप मला तरी पटत नाही. डेटासोर्स हा जावाचा मानक इंटरफेस आहे, कुणा एका सर्व्हरची मिरास नव्हे. वर्डप्रेसची प्लगइन्सही सहसा वर्डप्रेसनं उघडलेलंच कनेक्शन वापरतात, त्यांचं काही अडत नाही.

अपवाद एकच: प्लगइनचा डेटा खरोखरच दुसऱ्या डेटाबेसमध्ये असेल, तर त्यानं स्वतःचा छोटा पूल ठेवावा. त्याचा आकार सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेला असावा, आणि प्लगइन काढताना तो बंद करण्याचं कामही त्याचंच.