लेथची निगा आणि श्रमाची प्रतिष्ठा

स्मरणिकेत इमारती, निकाल आणि मान्यवरांच्या भेटी यांची नोंद होतेच. आम्हांला मात्र या निमित्ताने कार्यशाळेतील लाकूड कातण्याच्या लेथविषयी लिहावेसे वाटते. हे यंत्र चालवायला सारे विद्यार्थी उत्सुक असतात. ते पुसणे, जुळवणे हे मात्र शिपायाचे काम, असे सहज गृहीत धरले जाते. हे गृहीतक बदलले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष देण्याची रीत सांगताना तथागतांनी कातारी कारागिराचा दृष्टान्त दिला आहे. ओढ लांब असेल तेव्हा ती लांब आहे आणि आखूड असेल तेव्हा आखूड आहे, याचे भान त्या कारागिराला असते. तसेच भान साधकाला असावे, असा त्याचा आशय. विशेष म्हणजे तिथे कुशल कारागिराबरोबर त्याच्या अंतेवासीचा, म्हणजे शिकाऊ विद्यार्थ्याचाही उल्लेख आहे. भान ही केवळ गुरूची मिरास नव्हे.

लेथची निगा हे अशाच भानाचे काम आहे. आधी वीज तोडावी. मग हेडस्टॉक आणि टेलस्टॉक यांची सेंटरे जवळ आणून टोकाला टोक जुळते का, हे पाहावे. न जुळल्यास पहिली शंका पायावर घ्यावी. जमीन उंचसखल असली की बेडला पीळ पडतो, आणि पायाखाली पत्र्याची पातळ पट्टी सारून तो काढता येतो. स्पिंडलचे निमुळते भोक कापडाने पुसावे, कारण तिथे अडकलेला भुसाही सेंटर तिरके बसवतो. टूल रेस्टच्या कडेला खाचा पडल्या असतील तर हत्यार तिथे अडखळते. त्या कानशीने घासून काढाव्यात. बेडचा गंज काढून त्यावर तेलाऐवजी मेण चोळावे, कारण तेलाला भुसा चिकटतो. शेवटी पट्ट्याचा ताण पाहावा आणि स्पिंडल हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी.

हे सारे कशासाठी, याचे उत्तर सावंतवाडीच्या लाखकामात मिळते. फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून त्यावर बसते. लाकूड डगमगत फिरले तर कांडी उंच बाजूलाच टेकते आणि रंग तुटक चढतो. पुढे कारागीर कितीही निष्णात असो, यंत्रातील दोष रंगात उतरतोच.

काही पालक विचारतात, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हातांनीच राबलो, आता मुलांच्या हाती पुन्हा कानस आणि फडके कशाला? हा प्रश्न दुखऱ्या अनुभवातून येतो. तो झटकून टाकता येणार नाही. परंतु बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. यंत्र चालवणारा वरचा आणि पुसणारा खालचा, ही समजूत त्याच विभागणीचे छोटे रूप होय. जन्माने लादलेल्या कामात ‘का’ विचारायला जागा नव्हती. इथे प्रत्येक कृतीचे कारण विद्यार्थ्याने शोधायचे आहे, आणि पाळी सर्वांवर येणार आहे: मुलींवर, मुलांवर, आम्हा शिक्षकांवरही.

म्हणून आमची सूचना अशी, की कार्यानुभवाच्या तासिकांपैकी महिन्यातून एक तासिका केवळ निगेसाठी राखावी आणि काय तपासले, काय आढळले, याची वही विद्यार्थ्यांनीच लिहावी. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण फिटर, टर्नर, वायरमन म्हणून काम करीत आहेत. त्यांनी वर्षातून एक रविवार द्यावा. बेअरिंग आणि अर्थिंग जाणत्या हातांनी तपासले जाणे अगत्याचे आहे. नव्या यंत्रासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांचे आम्ही आभारी आहोत. त्यांनी आधी ही वही एकदा चाळावी, एवढीच विनंती.